बिनरंगाची पंगत

हळ्ळीखेडच्या भीमाशंकरची जिलेबी अशी रंगायची की ऐन पंगतीत वीज गेली तरी लोक जेवत राहत, असं भालकीकडं म्हणतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे. वीज गेल्यावर लोक थोडा वेळ थांबत.

लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, निवडून आलेल्याचा सत्कार, पडलेल्याचं सांत्वन, कार्य कुठलंही असो, चुलीपाशी भीमाशंकरच. घरच्या मेंढ्या आजाबरोबर गेल्या, बापानं कोरडवाहू केली, आणि याच्या हाती झारा आला. झाऱ्यानं त्याला बरकत दिली आणि पोटही दिलं, म्हणजे पुढं आलेलं.

एक घर तेवढं राहिलं होतं. भालकीतल्या नरहरराव मास्तरांचं. मास्तर हळ्ळीखेडच्या शाळेत असताना त्यांनी भीमाशंकरला सातवीत दोनदा बसवलं होतं; त्याचा राग नव्हता. सातवी त्याला आवडायची. बोच होती ती वेगळी. मास्तरांच्या पत्नी शारदाबाई सोवळ्याच्या कडक. कार्याचं अन्न त्यांच्या अंगणात गाणगापूरच्या आचाऱ्यांशिवाय दुसऱ्या हातानं शिजत नसे. भीमाशंकरचा आजा पिराप्पा घोंगड्या घेऊन त्या घरी यायचा. कार्य असलं तर त्याला जेवू घालत. मायेनं घालत, पोटभर घालत, पण अंगणाच्या कडेला, वेगळ्या पंगतीत. आजा घरी येऊन जेवणाची तारीफ करायचा. बसवलं कुठं, ते सांगायचा नाही. ते आजीनं सांगितलं.

मग गाणगापूरचे आचारी वारले. त्यांची पोरं बंगळूरला कॉम्प्युटरपुढं बसलेली. आणि नेमकं मास्तरांच्या लेकीच्या, विभाच्या बाळाचं उष्टावण निघालं. बाळाला अन्नाचा पहिला घास मामानं भरवायचा, ही रीत. विभा राहते जर्मनीत, मामा श्रीहरी अमेरिकेत; दोघांना गाठ घालायला भालकीच सोयीची पडली. शारदाबाई स्वतः म्हणाल्या, "हळ्ळीखेडच्या भीमाशंकरला बोलवा."

भीमाशंकरनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, असं तो पुढं दोन गावांत सगळ्यांना सांगत होता. त्याची आई अनसाबाई एवढंच म्हणाली, "नीट कर, लेकरा. त्या अंगनात तुजा आजा जेवलाय. तितलं पैलं शुभकार्य तुज्या हातानं निगालं पायजे."

ठरवाठरवीला तो गेला तेव्हा अंगणात मांडवाखाली मास्तर, शारदाबाई, विभा आणि श्रीहरी असे चौघंही बसले होते. बाळ विभाच्या मांडीवर. नाव नील, दोन्ही देशांत जीभ अडखळू नये म्हणून ठेवलेलं.

"तर सर," भीमाशंकरनं बोटं मोडली, "जिलेबी, गव्हाची गोड हुग्गी, मसालेभात, वरन, बटाट्याची भाजी, कोबीची भजी, रंगीत पापड्या, आनि शेवटाला साखरेच्या गोळ्यांची बडीशेप."

"भीमाशंकरअण्णा," विभा म्हणाली, "जिलेबीत रंग कुठला घालता?"

असा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं खिशातली डबी काढली. चपटी, पत्र्याची, आत केशरी-लाल भुकटी. "ह्यो. लई चांगला हाय. चिमटीत कढई रंगतीय."

विभानं डबी उलटीसुलटी करून वाचली. "आमच्याकडं हे रंग असले तर पाकिटावर लिहावंच लागतं, मुलांच्या चंचलपणावर, लक्षावर परिणाम होऊ शकतो म्हणून."

"पण बंद नाहीत ना?" श्रीहरी म्हणाला. "आमच्याकडं यातला पिवळा चालतो, सूचना बिचना काही नाही. हा लाल मात्र चालत नाही."

"आणि आपल्या सरकारला दोन्ही चालतात," मास्तर म्हणाले, "मापात."

"माप कोन घेतंय, सर?" भीमाशंकरनं निरागसपणे विचारलं. मास्तरांनी चष्मा पुसला.

भीमाशंकर विचारात पडला. एकच जिलेबी. एका देशात गेली तर निम्मी आत घेणार, दुसऱ्या देशात गळ्यात पाटी बांधून घेणार, आणि भालकीत तिच्यावर तुटून पडणार. तसा हा घोळ त्याला अगदीच नवा नव्हता. मागं कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमधला रंग बंद केला, तेव्हा भालकीच्या गाड्यावरची गोबी आजारातून उठल्यासारखी दिसू लागली. महाराष्ट्रात उदगीरला जाऊन आलेली पोरं सांगायची, तिकडं लालच हाय. पेट्रोल जाळून लाल गोबी खाऊन यायची. सरहद्द ओलांडली की पोट बदलतं, असं त्यांचं मत असावं.

"आनि हुग्गीचा गूळ?" त्यानं आपणहून विचारलं. एव्हाना त्याला खेळ कळला होता.

"पिवळाधमक असतो तो? त्यात पावडर टाकतात ना?"

"आता पिवळा म्हटल्यावर पावडर पडनारच की अक्का. बिनपावडरीचा काळा असतोय."

"मग काळा आणा."

"विभा!" शारदाबाई कळवळल्या. "काळा गूळ इथं दारू गाळणारे नेतात. तो माझ्या दारात पोत्यानं उतरायचा नाही."

गूळ गेला. साखर आली. मग हळदीकडं वळले. सुट्या हळदीत चकाकीसाठी कधी कधी शिशाचा रंग मिसळतात, असं विभानं सांगितलं, आणि लाल तिखटाचीही काही गोष्ट सांगितली. घरची हळद अनसाबाईनं लग्नसराईत संपवली होती. हळद-तिखटही गेलं. रंगीत पापड्यांवर तर चर्चाच झाली नाही. त्यांनी स्वतःच मान खाली घातली. राहता राहिली बडीशेप.

"गुलाबी, हिरवी न्हाई आनत," भीमाशंकर समजूतदारपणे म्हणाला. "निस्ती पांढरी आनतो."

"त्या पांढऱ्या गोळ्यांवर जो मुलामा असतो ना अण्णा, त्यातलं एक द्रव्य युरोपात बंद झालंय."

"पांढरा बी रंगच व्हय?"

"आमच्याकडं चालतो," श्रीहरी म्हणाला.

"तुमच्याकडं पावात जे अजून घालतात ना, दादा, ते इथं भारतात कधीच बंद झालंय," विभा कडाडली. "तू तर बोलूच नकोस."

न्यू जर्सीहून दोन पिशव्या भरून बिस्किटं श्रीहरीनं आणली होती, ती त्यानं हळूच खाटेखाली सरकवली.

विभाला भीमाशंकरच्या चेहऱ्याची दया आली असावी. आवाज खाली आणून ती म्हणाली, "अण्णा, मी तुमच्या हाताला नावं ठेवत नाहीये. त्याचा पहिला घास आहे हो. त्याला विचारता येत नाही, म्हणून मी विचारते. असं करा, बाळापुरतं आणि माझ्यापुरतं वेगळं शिजवा. बाकी पंगतीला नेहमीचं वाढा."

इथं खरं तर सगळं मिटत होतं. दुसरा कुणी असता तर दोन पातेली वेगळी चढवून मोकळा झाला असता. पण भीमाशंकर डबीकडं बघत राहिला.

"न्हाई अक्का," तो म्हणाला. "पंगतीत दुजाभाव मी करत न्हाई. एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, आसं माज्या हातनं वाढलं जात न्हाई. ज्ये लेकराला चालतंय त्येच सगळ्यास्नी."

मास्तरांनी मान हलवली. शारदाबाईंनी पदर सारखा केला आणि अंगणाच्या कडेकडं पाहिलं. भीमाशंकरनं तिकडं पाहायचं टाळलं. मग त्या नुसतं म्हणाल्या, "तो म्हणतो तसंच होऊ द्या."

बाहेर पडताना त्याच्या मनात आलं: आईचं सोवळं आत्ता कुठं सुटलं, तर लेकीचं विमानानं उतरलं. पण लेकीचं सोवळं त्याला आवडलं. त्यात माणूस विटाळत नव्हता, माणसानं घातलेली भुकटी विटाळत होती. हा फरक त्याला मोठा वाटला.

कार्याच्या दिवशी पहाटेच चुली पेटल्या. अनसाबाई निवडायला-चिरायला आली होती. डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण तिचं तोंड विळीपेक्षा धारदार होतं. भीमाशंकरनं शब्द पाळला. असा पाळला की जर्मनीच्या सरकारनं येऊन कढईत वाकून बघावं. जिलेबी तुपात तळली, पाकात टाकली, रंग नाही. हुग्गी साखरेची. मसालेभात हळद-तिखटाशिवाय म्हणजे भात. वरणाला हिरव्या मिरचीची आणि जिऱ्याची चव, बटाट्याची भाजी ओल्या खोबऱ्याची, कोबीची भजी फिकी. चव घेतली तर सगळं उत्तम. जिलेबी चाखताना त्याला कळलं, इतकी वर्षं रंगाच्या नादात आपली जिलेबी लागते कशी हे आपणच विसरलो होतो. खूश होऊन तो घाम पुसत मांडवात आला.

पानं मांडून झाली होती. पहिलं वाढप झालं होतं. ओळीनं पत्रावळी, आणि प्रत्येक पत्रावळीवर पांढरा भात, पांढरं वरण, पांढरी भाजी, पांढरट हुग्गी, अंथरूण धरलेल्या माणसासारखी फिकुटलेली जिलेबी, आणि कडेला दही.

भीमाशंकर जागीच थांबला. असली पानं त्यानं आयुष्यात किती वाढली होती. पण ती शुभकार्यात नव्हे. घरात माणूस गेलं की हळद बंद, रंग बंद. दिवस घालायच्या घरी अशी पानं वाढतात, आणि जेवणारे मान खाली घालून जेवतात.

अनसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोळे बारीक करून तिनं ओळ न्याहाळली आणि कपाळावर हात मारला. "आगं आई गं! भिम्या, कुनाचे दिवस घालायलास रं?"

"आये, हळू बोल."

"हळू कामून? डोळे माजे गेलेत, दिसायला तुला पायजे व्हतं!"

तेवढ्यात पहिले पाहुणे आले. शेजारचे वीरभद्रप्पा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मनानं अतिशय हळवे. हसत हसत मांडवात शिरले, पानांवर नजर गेली, आणि हसू तिथंच मावळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. हळूच मास्तरांजवळ जाऊन बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खोल आवाजात म्हणाले, "सर, मला एक निरोप नाही धाडलात? शेजारी ना मी तुमचा?"

"आमंत्रण पोचलं नाही का?" मास्तर म्हणाले.

"आमंत्रण उष्टावणाचं पोचलं, सर. हे कुणाचं? अमेरिकेहून पोरगं आलं तेव्हाच माझ्या मनात चुकचुकलं होतं. असं सगळे एकदम कधी जमत नाहीत."

मास्तरांनी पानांकडं पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. शारदाबाईही दारात येऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पानांसारखाच झाला. नातवाचा पहिला घास, आणि पुढं ही पंगत. "भीमाशंकर," त्या म्हणाल्या, "हे काय केलंस रे?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर दोन रिक्षा थांबल्या होत्या. बायकामाणसं उतरत होती. थोड्या वेळात हळ्ळीखेडपर्यंत बातमी जाणार होती, की मास्तरांच्या नातवाच्या उष्टावणाला भीमाशंकरनं मर्तिकाचं जेवण वाढलं. त्यानंतर त्याला कार्याला बोलवणार कोण? ज्यांचं कार्य तसलंच असेल ते.

त्याचा हात खिशात गेला. डबी होती. पाक अजून गरम होता. एक चिमूट. उरलेल्या जिलेब्या बुडवायच्या, पानावरच्या बदलायच्या, आणि भातावर दुसरी चिमूट. कुणाला कळणार नव्हतं. विभा आत बाळाला कपडे घालत होती. डबीचं झाकण त्यानं अंगठ्यानं उघडलंसुद्धा.

मग त्यानं ते मिटलं आणि तो तसाच आतल्या दारापाशी गेला.

"विभाअक्का," तो म्हणाला, "बाहीर या वाईच. मी शब्द पाळलाय. पाळून घात झालाय."

ती बाळाला घेऊन आली. तिनं ओळ पाहिली. इतकी वर्षं परदेशात राहिली तरी तिला सांगावं लागलं नाही. आजोबा गेले तेव्हाची पानं तिलाही आठवत होती.

"आता तुमीच सांगा," भीमाशंकरनं डबी पुढं धरली. "टाकू म्हनलात तर टाकतो. नको म्हनलात तर ह्यी पंगत आशीच वाढतो, आनि माज्या नावाचं व्हईल ते व्हईल. पन चोरून टाकनार न्हाई. लेकराचा पैला घास हाय, तुमीच म्हनलाव."

विभानं डबी हातात घेतली. आईकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं, भीमाशंकरकडं पाहिलं. वीरभद्रप्पा टोपी मांडीवर घेऊन डोळे पुसत होते.

"दादा, याला धर," तिनं बाळ श्रीहरीकडं दिलं. "आई, रांगोळीचा डबा कुठाय?"

"देवघरात. का गं?"

"शुभकार्याला पानाभोवती महिरप असते ना? ती तेवढी राहिली होती."

ती डबा घेऊन आली. पांढऱ्या रांगोळीत तिनं भीमाशंकरची डबी उपडी केली. सगळीच. हातानं कालवलं, तशी रांगोळी पेटल्यासारखी केशरी-लाल झाली. चिमटीत कढई रंगवणारा माल. त्याच्यापुढं मूठभर रांगोळी म्हणजे काय!

"हे कुठल्या देशात बंद आहे?" तिनं भावाला विचारलं.

"खाल्लं नाही तर कुठंच नाही," श्रीहरी म्हणाला. तो त्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणाच्या बाजूनं बोलला.

विभा पहिल्या पानापाशी बसली आणि चिमटीतून रंग सोडू लागली. सवय मोडली होती. पहिली कमान वाकडी गेली, दुसरीचा मोर कोंबडा झाला. शारदाबाईंच्यानं ते बघवेना. त्या पदर खोचून तिच्या शेजारी बसल्या. "अगं, मनगट सैल सोड." रिक्षातून उतरलेल्या बायकांनी चपला काढता काढता हा प्रकार पाहिला आणि विचारपूस न करता त्याही बसल्या. रांगोळी दिसली की कोण मेलं हे विचारायचं कारण उरत नाही. बघता बघता सगळ्या पानांना केशरी कमानी चढल्या, आणि मधलं पांढरं अन्न असं दिसू लागलं की जणू मुद्दाम पांढरं केलंय.

वीरभद्रप्पांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "म्हणजे शुभच आहे म्हणा की!" ते म्हणाले, आणि सांत्वनाला बसलेली जागा न सोडता तिथूनच जेवायला सुरुवात केली. जिलेबी तोंडात टाकून त्यांनी हातातला उरलेला तुकडा उजेडाकडं धरून पाहिला. "भीमाशंकर, ही कुठली रे जिलेबी?"

"जर्मनची," भीमाशंकर म्हणाला.

"तरीच," वीरभद्रप्पा म्हणाले, आणि आणखी दोन मागितल्या.

मग मुख्य कार्य. बाळाला पानापुढं, मामाच्या मांडीवर बसवलं. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर, तिच्यात सोन्याची अंगठी बुडवून श्रीहरीनं पहिला घास नीलच्या ओठाला लावला. नीलनं चव घेतली. जिभेनं चौकशी केली. पास केलं. बायकांनी ओव्या म्हटल्या, शारदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, विभानं सुटकेचा निःश्वास टाकला.

तो निःश्वास पुरा व्हायच्या आत नीलनं खाली वाकून महिरपीवर पंजा मारला. केशरी-लाल भरलेली मूठ उचलली आणि सरळ तोंडाकडं नेली.

"दादा!" विभा किंचाळली. दादा अंगठी शोधत होता.

भीमाशंकर हुग्गीची बादली घेऊन समोरूनच चालला होता. त्यानं बादली टाकली आणि ती चिमुकली मूठ ओठापासून बोटभर अंतरावर धरली. पोराला उचलून त्यानं छातीशी घेतलं. पोरानं रडण्याआधी हात मोकळा करून घेतला आणि दोन्ही तळवे त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर मनसोक्त पुसले.

"दे इकडं, दे," म्हणत विभानं बाळाला घेतलं, हात धुतले, तोंडात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. खीर होती.

शेवटची पंगत भीमाशंकर, अनसाबाई आणि वाढप्यांची. अनसाबाई सवयीनं अंगणाच्या कडेला बसायला गेली. शारदाबाई म्हणाल्या, "अनसाबाई, तिथं ऊन आहे. इकडं या, मधे." ऊन केव्हाच उतरलं होतं. पण अनसाबाईला अंधुक दिसायचं, आणि शारदाबाईंनाही तेवढंच दिसत असावं. शारदाबाईंनी स्वतः वाढलं, आणि मायलेकरांच्या दोन्ही पानांभोवती उरलेली रांगोळी ओढली.

परतीच्या बसमध्ये भीमाशंकरच्या छातीवर दोन केशरी तळवे होते. बघणारा प्रत्येकजण विचारत होता, "उष्टावन का? कुनाकडं?" आणि तो मास्तरांचं नाव सांगत होता. हळ्ळीखेड येईपर्यंत गाडीतल्या एकालाही सांगायचं राहिलं नाही.

घरी त्याच्या बायकोनं, तुळजानं, सदरा साबणात टाकला. पंजे निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोड्यात टाकला, उन्हात टाकला, दगडावर आपटला. पंजे जसेच्या तसे.

"काय रंग म्हनायचा का काय ह्यो!" ती वैतागली. "कापडातनं निगंना झालाय. पोटातनं कसा निगंल?"

"तेच ती जर्मनची अक्का सांगायली व्हती," भीमाशंकर म्हणाला, आणि सदरा तिच्या हातातून घेऊन त्यानं झटकला. "र्‍हाऊ दे. आता घासू नको. पुढच्या कार्याला ह्योच घालून जातो."